बिनआवाजाची गाडी

श्यामसुंदरचं नाक फुटलं तेव्हा उन्हं नुकती कांदा-बटाटा मार्केटच्या पत्र्यांवर चढत होती. रणजीतनं त्याला जॅकच्या दांड्यानं मारलं होतं. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. तिसऱ्यासाठी हात वर गेला तोवर हौसेरावांनी मागून येऊन लेकाचं मनगट धरलं. श्यामसुंदर टेम्पो स्टँडच्या कठड्याला पाठ लावून खाली बसला. रक्त ओठांवरून हनुवटीवर आणि तिथून शर्टावर उतरत होतं, आणि ते पुसायचं सोडून तो हसत होता.

निमित्त एमसीलचं झालं होतं. रणजीतच्या नव्या इलेक्ट्रिक पिकअपचं चार्जिंगचं भोक कुणीतरी एमसीलनं लिंपून टाकलं होतं. ते वाळून दगड झालेलं. रणजीत उकिडवा बसून स्क्रूड्रायव्हरनं ते कोरत होता, तेवढ्यात स्टँडचा म्होरक्या श्यामसुंदर चहाचा ग्लास घेऊन शेजारी येऊन उभा राहिला आणि अगदी मायेनं विचारता झाला, "काय रे, बाळाच्या तोंडात बूच कुणी घातलं? आता दूध कसं पिणार ते?"

स्टँडवरचे ड्रायव्हर पाने घेऊन धावले. पण गाळ्यांच्या बाजूनं टोळीही आली. टोळी म्हणजे हौसेरावांच्या बरोबरीचे माथाडी, सगळे सातारा-पाटणकडचे, गोणी ओढायचा लोखंडी हूक ज्याच्या त्याच्या हातात. मुकादम कृष्णात सगळ्यांत पुढं होता. त्यानं आपल्या हुकाचं टोक श्यामसुंदरच्या कॉलरमध्ये अडकवलं आणि गोणी उचलावी तसा त्याला उभा केला.

"हौसेतात्याचा पोरगा म्हंजे टोळीचा पोरगा," कृष्णात म्हणाला. आवाज चढवला नाही. "पुन्यांदा त्या गाडीला बोट लावलंस तर हूक कॉलरात नाय ऱ्हायचा."

श्यामसुंदरनं मान हलवली. कॉलर फाटली, तो स्टँडकडं गेला, आणि जाताना त्यानं रणजीतकडं नाही, गाडीकडं पाहिलं. हौसेराव मात्र लेकाकडं पाहत होते. पोराच्या तोंडावर भीती नव्हती की पस्तावा नव्हता. भूक लागलेल्या माणसाला पहिला घास मिळावा तसं काहीतरी होतं. दांडा त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतला. टोळी बघत होती, आणि टोळी खूश होती.

गाडी घेण्यावरून घरात तंटा झाला होता तो वेगळाच. रणजीत आधी कुरियरवाल्यांकडं राबायचा. त्यानं ती नोकरी सोडली आणि कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांच्या घरात बापासमोर बसून आपलं गणित मांडलं. नेरूळ, सानपाडा, खारघर इथल्या छोट्या खानावळी, वडापावच्या गाड्या, सोसायट्यांखालची दुकानं. प्रत्येकाला लागतात दोन-चार गोणी. तेवढ्यासाठी स्टँडवरचा अख्खा टेम्पो करणं कुणालाच परवडत नाही, आणि स्टँडवरचा टेम्पो करायचा तर ज्याचा नंबर लागलाय त्याचाच करावा लागतो. आपण सगळ्यांचा माल एका फेरीत टाकायचा. फेरी जवळची, संध्याकाळी गाडी दारात. डिझेलवर हा धंदा बसत नाही, बॅटरीवर बसतो.

हौसेरावांना ते पटलं नव्हतं. त्यांचा सगळा जन्म गाड्यांच्या मागं-पुढं गेला होता आणि त्यांच्या लेखी गाडी म्हणजे थरथरणारी, धूर ओकणारी, लांबून कळणारी वस्तू. हे पांढरं डबडं भरल्यावर उड्डाणपुलावर दम टाकेल, असं ते म्हणाले. दम त्यानं टाकला नाही. पण मार्केटची सवय ही की गाडीत जागा दिसली की आणखी गोणी टाकायची, आणि रणजीतनंही पहिल्या आठवड्यात तेच केलं. बॅटरी खारघरच्या अलीकडंच संपली. रणजीत आणि त्याची बायको राजेश्वरी यांनी गाडी ढकलत एका ओळखीच्या पंक्चरवाल्यापर्यंत नेली, तिथं बोर्डात वायर खुपसली आणि दुपारभर उकिडवी बसून राहिली. त्यानंतर रणजीत शहाणा झाला. कंपनीनं सांगितलंय तेवढाच माल, एक गोणी जास्त नाही. मग गाडी इमानी झाली. नेरूळच्या अय्युबभाईंसारखं बिर्याणी करणारं गिऱ्हाईक लागलं, त्यांनी चार ठिकाणी नाव सांगितलं, आणि धंदा उभा राहिला.

गाडी घरी आली त्या दिवशी राजाबाईंनी, म्हणजे हौसेरावांच्या कुटुंबानं, चाकाखाली लिंबू ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं आणि आरतीचं तबक घेऊन डोळे मिटले. डोळे उघडले तर समोर गाडी नाही. रणजीतनं ती तेवढ्यात त्यांच्या बाजूनं लिंबावरून पुढं नेली होती आणि कुणाला ऐकूही आलं नव्हतं. सून राजेश्वरी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पुढं तीच गाडी चालवायला शिकली. क्लच नाही, गिअर नाही, स्कूटीसारखीच. मैदानात एक संध्याकाळ फिरवली आणि आली.

हॉर्न सोडला तर एकच आवाज त्या गाडीला होता. मागं घेताना ती पीं पीं करायची. कोपरखैरण्याचा त्यांचा बोळ अरुंद, गाडी वळत नाही, त्यामुळं अख्खा बोळ मागं मागं जात बाहेर पडावं लागे. पहाटे तो आवाज घराघरांत शिरायचा. शेजारच्या सुमित्राबाईंचा नवरा आजारी, रात्रभर तळमळून पहाटे कुठं डोळा लागलेला. त्या रोज दारात येऊन बोलायच्या. मग बोलायच्या थांबल्या आणि नुसत्या दारात उभ्या राहायला लागल्या. हौसेरावांना ते सोसेना. त्यांनी लेकाला तो आवाज बंद करायला सांगितलं. रणजीत म्हणाला, अण्णा, ते सेफ्टीसाठी असतं, माणसाला कळावं म्हणून. हौसेराव म्हणाले, आजारी माणसाची झोप मोडून मिळवलेलं अन्न अंगी लागत नाही. आणि पकड घेऊन ते स्वतः गाडीखाली शिरले, रणजीतनं बोटानं दाखवली ती वायर त्यांनी तोडली, आणि अंग झटकत बाहेर आले. चांगलं काम केल्याचं समाधान होतं त्यांना. त्या दिवशी सुमित्राबाईंनी वाटीभर खीर पाठवली.

मार्केटमध्ये मात्र माणूस कानानं चालतो. डोक्यावर गोणी असली की मान वळत नाही, नजर पुढच्या चार हातांवर. मागून ट्रक येतोय की टेम्पो, वळतोय की थांबतोय, हे माथाड्याला इंजिनाच्या घरघरीवरून कळतं आणि त्याचे पाय आपोआप बाजूला होतात. विचार करावा लागत नाही. ज्याला विचार करावा लागतो तो फार दिवस टिकत नाही.

कृष्णातनं एकदा चहा पिताना ते काढलंही होतं. "तात्या, तुमची गाडी मांजरागत येतीया. परवा माझ्या पाठीला टेकली तवा कळलं. पोराला म्हणावं, घंटी बांध तिला."

बाकीचे हसले. कुणीतरी म्हणालं, मुकादमाला आता गाड्यासुद्धा लाडानं चाटायला लागल्या. हौसेरावही हसले. सांगतो म्हणाले. वायर आपणच तोडली हे काही त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. रविवारी मेकॅनिककडून जोडून घेऊ, फक्त मार्केटात वाजेल असं बटण लावून घेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं. रविवार आला तो पाव्हण्यांत गेला.

अय्युबभाईंकडं लग्नाची मोठी ऑर्डर होती, म्हणून त्या दिवशी राजेश्वरीही नवऱ्याबरोबर मार्केटात आली होती. ती गाळ्यावर उभी राहून व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होती, कांद्याला कोंब आलेत म्हणत होती. अर्धा माल गाडीत चढला होता. उरलेला भरायला रणजीत गाडीचं मागचं तोंड दगडी ओट्याला लावत होता. हौसेराव आत काट्याशी होते.

कृष्णात गोणी घेऊन गाडीच्या मागून निघाला. समोरून दुसरा माथाडी येत होता, त्याला वाट द्यायला तो ओट्याकडं सरकला. गाडी आली ती त्याच्या मांडीवर. गाडी अडली तेव्हा रणजीतला वाटलं, ओटा लागला, मागचा फाळका नीट टेकला नाही. म्हणून त्यानं पाय आणखी दाबला. या गाडीला दाबलं की जोर लगेच येतो, वाट बघावी लागत नाही.

हाडाचा आवाज गाळ्याच्या आतपर्यंत गेला. त्याच्यामागून कृष्णातची किंकाळी. गोणी त्याच्या डोक्यावरून निसटून फुटली आणि कांदे ओट्यावरून, फरशीवरून, लोकांच्या पायांखालून पळत सुटले.

रणजीतनं गाडी पुढं घेतली. कृष्णात ओट्याला घासत खाली आला. त्याचा पाय गुडघ्याच्या वर जिथं वाकायचा नाही तिथं वाकला होता आणि पायजम्याच्या कापडातून हाड बाहेर आलं होतं. मग टोळी हलली.

टोळीची एक रीत होती, कुणी लिहून ठेवलेली नव्हती. टोळीच्या माणसाला गाडीनं दुखावलं तर ड्रायव्हर धडधाकट बाहेर जात नसे. पोलीस मध्ये येत नसत, कारण त्यांना कुणी बोलवत नसे. मारणारा बोलत नसे आणि मार खाल्लेलाही बोलत नसे. बोलला तर त्याच्या गाडीत पुन्हा कुणी माल चढवत नसे, आणि माल न चढणारी गाडी घेऊन मार्केटात यायचं कशाला?

त्यांनी रणजीतला दारातून नाही, खिडकीतून ओढला. काचेची किनार त्याच्या पोटावरून गेली. तो फरशीवर पडला तसा पहिला पाय त्याच्या बरगडीत बसला. दुसरा तोंडात. कालपर्यंत ज्यांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवल्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांनीच त्याचे हात धरले आणि त्यांनीच लाथा घातल्या. एकानं हूक उलटा धरून त्याच्या पाठीत मारला. दुसऱ्यानं उलटा धरायचीही तसदी घेतली नाही. शर्ट पाठीवर फाटला आणि खालचं कातडंही फाटलं. राजेश्वरी मध्ये घुसली, तिला कुणीतरी दंडाला धरून गोण्यांच्या थप्पीवर फेकलं. ती उठली आणि पुन्हा घुसली. या खेपेला कोपर तिच्या ओठावर बसलं.

स्टँडवरून श्यामसुंदर आला होता. नाकावर अजून पट्टी. त्यानं हात उचलला नाही; टोळीच्या भांडणात बाहेरच्यानं हात घालायचा नसतो हे त्याला ठाऊक होतं. तो नुसता कठड्यावर चढून सांगत होता, "पाठीत काय मारताय? डोकं. डोक्यात घाला."

हौसेराव आतून आले. त्यांनी आधी कृष्णात पाहिला, मग त्याचा पाय, मग गाडीचा रक्तानं भिजलेला फाळका, आणि काय झालंय ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पायांच्या घोळक्यात त्यांना लेकाचा हात दिसला. बोटं फरशी खरवडत होती.

ओरडून काही होणार नव्हतं. अंगावर पडूनही नाही. फार वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्याचा भाऊ असाच अंगावर पडला होता. दोघंही हातगाडीवरून बाहेर गेले होते. गर्दी परक्याला मध्ये येऊ देत नाही, आणि बाप म्हणून गेलात की तुम्ही परके. हौसेरावांना एकच वाट माहीत होती, गावाकडं लहानपणापासून पाहिलेली. दुसऱ्याच्या अंगणात आपल्या पोरानं आगळीक केली की घरचा मोठा धावत येतो आणि सगळ्यांच्या आधी आपणच पोराला झोडपतो. मग परक्यांचे हात खाली येतात. त्यांना यावंच लागतं.

त्यांनी हातगाडीचा दांडा उपसला.

"बाजूला व्हा," ते म्हणाले. "माझा हाय त्यो."

टोळीनं वाट दिली. वयाचा मान होता, आणि हक्क होता. रणजीत गुडघ्यांवर आला. एक डोळा मिटलेला, तोंडातून लाळ आणि रक्त मिळून लोंबत होतं. बाप दिसला तसं त्याच्या तोंडावर काहीतरी उजळलं. हौसेरावांनी दांडा त्याच्या पाठीवर घातला. आवाज मोठा झाला. दुसरा घातला. तोही मोठा.

पण वजनावर जगणारी माणसं ती. फटक्यात किती वजन आहे ते त्यांना डोळे मिटून कळतं. मागून कुणीतरी थंडपणानं म्हणालं, "तात्या लाड करतोय पोराचे." आणि खाली गेलेले हूक पुन्हा वर आले.

"हात ठेव," हौसेराव म्हणाले.

रणजीतला कळलं नाही.

"ओट्यावर. उजवा."

"अण्णा."

"ठेव म्हन्तो ना."

त्यानं ठेवला. बापाच्या शब्दाची सवय होती, म्हणून ठेवला. ओट्याच्या कडेवर मनगट टेकलं, कोपर हौसेरावांनी आपल्या गुडघ्यावर घेतलं, मधला हात अधांतरी. हौसेरावांनी मनात देवाचं नाव घेतलं की काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि आयुष्यभर गोण्या उचललेल्या खांद्यांतला सगळा जोर त्या एका फटक्यात उतरवला.

रणजीत ओरडला नाही. श्वास आत ओढला आणि तो तिथंच अडकला. हात कोपराखाली घडी पडल्यासारखा लोंबला. राजेश्वरीच्या तोंडून मात्र असा आवाज निघाला की पलीकडच्या गाळ्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

हूक खाली आले. एकेकानं नजर दुसरीकडं वळवली. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली.

"गाडी राहिली," कठड्यावरून श्यामसुंदर म्हणाला. "पेटवा ती. तिनंच खाल्लं ना मुकादमाला?"

दोघं-तिघं वळलेही. हौसेराव दांडा घेऊन सरळ श्यामसुंदरकडं चालत गेले आणि त्याच्या नडगीवर दांडा मारला. तो कठड्यावरून खाली कोसळला. मग हौसेराव टोळीकडं वळले.

"पेटवा," ते म्हणाले. "पन आधी सांगा, कृष्णातला कशातनं न्यायचं. गेटात ट्रक तुंबल्यात. तुमची ॲम्ब्युलन्स हितवर यायला दुपार व्हईल. मागच्या बोळातनं ही येवढीच गाडी निघती."

कुणी उत्तर द्यायच्या आत राजेश्वरी गाडीत चढून बसली होती. ओठातून रक्त येत होतं, हात स्टिअरिंगवर होते. तिनं सासऱ्याकडं बघितलंही नाही. टोळीनं कृष्णातला फळीवर घेतलं आणि कांद्याच्या गोण्यांवर आडवा केला. रणजीतला दोघांनी उचलून शेजारी टेकवला. मघाशी लाथा घालणारेच ते दोघं, आणि आता त्याची मान दुखू नये म्हणून जपत होते. हौसेराव मागं चढले.

राजेश्वरीनं एक हात हॉर्नवरून उचलला नाही. मागं तिघं. गाडी खड्ड्यात गेली की कृष्णात तोंडात धरलेला गमछा चावायचा. हौसेरावांनी त्याची मांडी वरच्या बाजूला दोन्ही हातांनी आवळून धरली होती, तरी रक्त बोटांमधून गोण्यांवर झिरपत होतं. रणजीत आपला तुटका हात दुसऱ्या हातात घेऊन बसला होता.

"हळू मारता आलं नसतं?"

"नाय," हौसेराव म्हणाले. "हळू मारल्यालं बघितलंस ना."

रणजीतनं बाहेर थुंकलं. दाताचा तुकडा होता त्यात.

हौसेरावांना वाटलं, आता बोललं नाही तर पुन्हा बोलणं होणार नाही. ते कृष्णातच्या तोंडाशी वाकले. "कृष्णात, गाडीला घंटी व्हती. मागं घेताना वाजायची. मी तोडली ती. त्यो नको म्हनत व्हता."

कृष्णातनं डोळे उघडले. गमछा तोंडातून काढला. वेदनेनं त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण नजर ताळ्यावर होती. त्यानं आधी रणजीतच्या लोंबत्या हाताकडं पाहिलं आणि मग हौसेरावांकडं.

"मग दांडा चुकीच्या हातावर बसला, तात्या," तो म्हणाला, आणि गमछा पुन्हा तोंडात धरला.

रणजीतनं ते ऐकलं. त्यानं तुटका हात छातीशी ओढून घेतला. गाडीचा आवाज नव्हता, फक्त हॉर्न.

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर घेतलं, मध्ये हिरवा पडदा. डॉक्टरांनी रणजीतची पाठ पाहिली, हात पाहिला, आणि चौकीवरच्या हवालदाराला बोलावणं धाडलं. टोळी रिक्षांतून मागोमाग आली होती. ती सगळी माणसं दारापाशी ओळीनं उभी राहिली, हात मागं बांधून, देवळात उभी असल्यासारखी. हूक त्यांनी बरोबर आणले नव्हते.

हवालदार वयस्कर होता. त्यानं पाठीवरच्या ओरखड्यांकडं बराच वेळ पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, आणि रणजीतला विचारलं की किती जण होते.

रणजीतचा उघडा डोळा दारावरून फिरला. एकेका तोंडावर तो थांबला. ज्यानं हूक सुलट धरून मारला होता, त्याच्यावर जरा जास्त. त्या माणसानं मान खाली घातली. मग रणजीतनं राजेश्वरीकडं पाहिलं. ती पायथ्याशी उभी होती, सुजलेल्या ओठांवर पदर दाबून. तिनं मान हलवली नाही, पण तिची नजर खिडकीतून खाली अंगणात गेली, जिथं गाडी उभी होती.

"एक जण," रणजीत म्हणाला. "माझे वडील. दुसऱ्या कुणी हात लावला नाही."

"आणि ही पाठ?"

"तीही त्यांनीच."

हवालदारानं पेन खाली घेतलं. हौसेराव भिंतीशी उभे होते. त्यांना वाटलं, पोरगं मार्केट शिकलं. टोळीतलं एक नाव घेतलं असतं तर त्या गाडीत उद्यापासून एक गोणी चढली नसती. बापाचं नाव घेतल्यानं काहीच अडत नव्हतं. पण एवढंच नव्हतं ते. रणजीतनं आता त्यांच्याकडं सरळ बघितलं होतं आणि त्या नजरेत हिशेब नव्हता, निव्वळ राग होता. खरा, भरल्या वजनाचा राग. हौसेरावांना तो ओळखू आला. त्यांनी तो झेलला.

"व्हय," ते पुढं होऊन म्हणाले. "मीच मारलं. सगळं मीच."

हवालदार पडद्यापलीकडं गेला. कृष्णातला सुई दिली होती, जीभ जड झाली होती, पण मधला पडदा कापडाचा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. कुठल्या गाडीनं ठोकलं, असं हवालदारानं विचारलं.

"दिसली नाय," कृष्णात म्हणाला.

"ज्या गाडीतून तुला आणलं तिच्या फाळक्याला रक्त आहे."

"आनलं म्हनून रक्त लागलं. ठोकली ती कंची, दिसली नाय सायेब. डोक्यावर गोणी व्हती."

हवालदारानं सुस्कारा सोडला. तो इथं नवा नव्हता. टोळी दारातून जराशी हलली, आणि त्यांच्यातला एक जण पुढं होऊन राजेश्वरीला हळूच म्हणाला, वहिनी, उरलेला माल गाळ्यावर वेगळा काढून ठेवलाय, परत आलात की आम्ही चढवतो. ज्यानं तिला गोण्यांवर फेकलं होतं, तोच होता तो. तिनं ओठावरचा पदर न काढता मान हलवली.

हौसेरावांना घेऊन हवालदार अंगणात आला. व्हॅन यायची होती. राजेश्वरी जिन्यावरून मागोमाग उतरली. सासऱ्याला ती मामा म्हणायची, सासूला आत्या. आज हाक मारायला तिला वेळ लागला.

"मामा, माल कसा टाकू? वरच्या दोन गोण्या रक्तानं भिजल्यात."

"त्या वायल्या काढ. त्या कुनाच्या तोंडी जाता कामा न्हाईत," हौसेराव म्हणाले. "बाकीचा दुपारच्या आत अय्युबभाईकडं टाक. लग्नाघरचा माल हाय, खोळंबा नको."

ती तिथंच थांबली. बोलायचं होतं ते हे नव्हतं.

"का तोडला त्यांचा हात? मी येत होते ना मध्ये. दोघांनी मिळून मार खाल्ला असता."

"तुमी दोघंबी मेला असता, पोरी."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. क्षमा नव्हती त्या बघण्यात, आणि ती देण्याची घाईही नव्हती. व्हॅन आली. हवालदारानं मागचं दार उघडलं, आणि म्हाताऱ्याचे हात बांधायचे की नाही याचा विचार करत उभा राहिला. हौसेरावांनी दोन्ही हात आपणहून पुढं केले. हवालदारानं ते बाजूला सारले आणि बसा म्हणाला.

"आत्यांना काय सांगू?" राजेश्वरीनं विचारलं.

हौसेराव पायरीवर एक पाय ठेवून थांबले. तळहातांवरचं कृष्णातचं रक्त वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"आज तिचा सोमवार," ते म्हणाले. "संध्याकाळी उपास सोडू दे. मग सांग."